सॅव्हानाचं जुनं शहर पायी कसं बघायचं (आई-बाबा बरोबर असतील तरी)

अटलांटा, शार्लट, जॅक्सनव्हिल या भागातल्या आपल्या मंडळींचा लाँग वीकेंडचा प्लॅन साधारण ठरलेला असतो, एक तर स्मोकी माउंटन्स नाहीतर फ्लोरिडा, आणि फ्लोरिडाला जाताना जॉर्जियातलं सॅव्हाना वाटेत लागतंच तर दोन तास थांबून नदीकाठी आईस्क्रीम, कारंजासमोर फोटो आणि पुढं. मग वर ऐकायला मिळतं की "ठीक आहे, झाडं छान आहेत." दोन तासांत एवढंच दिसणार, त्यात शहराचा दोष नाही. सॅव्हाना हे एकामागून एक पॉइंट बघत टिक करायचं शहर नाहीच, ते ज्या नकाशावर बसवलंय तो नकाशा आधी समजून घ्यायचा आणि मग त्यातून चालायचं. किमान दोन दिवस द्या, एक रात्र तरी जुन्या शहरात राहा.

आधी नकाशा डोक्यात बसवा

हे वाचायला दहा मिनिटं लागतील पण तिथं गेल्यावर गुगल मॅप दर पाच मिनिटांनी उघडावा लागणार नाही.

फेब्रुवारी १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्प हा इंग्रज शंभरेक माणसं घेऊन सॅव्हाना नदीवरच्या उंच कड्यावर उतरला. तिथं यामाक्रॉ लोकांची वस्ती होती, त्यांचा प्रमुख टोमोचिची, त्याच्याशी बोलणी करून जागा मिळवली आणि जॉर्जिया ही इंग्रजांची तेरावी वसाहत सुरू झाली. ओगलथॉर्पने शहर आखताना एक साचा केला. मधे एक मोकळा स्क्वेअर, त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला चर्च, दुकान, सार्वजनिक इमारती यांच्यासाठी चार मोठे प्लॉट, आणि उत्तर-दक्षिणेला घरांचे प्लॉट, एकूण चाळीस. हे सगळं मिळून एक वॉर्ड. शहर वाढलं की तोच साचा शेजारी पुन्हा ठेवायचा, बस. असं करत करत १८५१ पर्यंत चोवीस स्क्वेअर झाले, त्यातले आज बावीस आहेत, दोन माँटगोमेरी स्ट्रीटवरून हायवे काढताना गेले.

याचा तुम्हाला उपयोग काय, तर दर दोन-तीन मिनिटांच्या चालीवर झाडांची सावली आणि बसायला बाक असलेली एक छोटी बाग येते. गुडघे दुखणारे आई-बाबा असोत की स्ट्रोलरमधलं पोर, एवढं सोयीचं जुनं शहर अमेरिकेत क्वचितच मिळेल. जमीन पण सपाट, फक्त नदीकाठचा उतार सोडला तर, त्याचं पुढं सांगते.

दिशा अशी लक्षात ठेवा. उत्तरेला नदी, दक्षिणेला फोर्सिथ पार्क, आणि या दोघांना जोडणारी मधली रेघ म्हणजे बुल स्ट्रीट. बुल स्ट्रीटवर पाच स्क्वेअर आहेत, नदीकडून क्रमाने जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरे. अंतर साधारण एक मैल. स्क्वेअर ज्या रस्त्यांवर आहेत तिथं गाड्यांना वळसा घालूनच जावं लागतं (घड्याळाच्या उलट दिशेने, गाडी घेऊन शिरलात तर हे ध्यानात ठेवा) म्हणून त्या आपोआप हळू जातात. पण दोन वॉर्डांच्या मधून जाणारे व्हिटेकर आणि ड्रेटन हे रस्ते सरळसोट आहेत, तिथं गाड्या सुसाट असतात, लहान मुलांना हाताला धरूनच ओलांडा.

एक गंमत आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथं गोंधळ होणार नाही. पुलास्कीचं (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इथं पडलेला पोलिश सेनानी) स्मारक पुलास्की स्क्वेअरमध्ये नाही, ते माँटेरेमध्ये आहे. ओगलथॉर्पचा पुतळा ओगलथॉर्प स्क्वेअरमध्ये नाही, चिपेवामध्ये आहे. आणि त्याच युद्धातला जनरल नथॅनिएल ग्रीन हा 'ग्रीन स्क्वेअर' सोडून जॉन्सन स्क्वेअरमधल्या स्तंभाखाली पुरलेला आहे. "पुतळ्यापाशी भेटू" असं कोणाला सांगू नका.

कधी जायचं

मार्च मध्यापासून एप्रिलपर्यंत अझेलिया फुलतात, हवा मस्त असते आणि म्हणूनच गर्दी आणि हॉटेलचे भावही तसेच. त्यात १७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे. या गावात आयरिश लोकांची जुनी वस्ती, परेड १८२४ पासूनची आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या परेडपैकी एक, फोर्सिथच्या कारंजाचं पाणी सुद्धा त्या सुमारास हिरवं करतात. तरुण असाल आणि दंगा हवा असेल तर जरूर जा, आई-बाबांना घेऊन तो आठवडा टाळाच.

मला विचाराल तर नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा. ऊन कोवळं, झाडं तशीच हिरवी कारण लाइव्ह ओक हिवाळ्यात बोडके होत नाहीत, आणि चालून घाम येत नाही. जून ते सप्टेंबर म्हणजे कोकणातला मे महिना समजा, चिकचिक आणि दुपारी गडगडाट. पण भारतातून येणारे पालक नेमके तेव्हाच इथं असतात, तर मग दिवस फाडून घ्यायचा, सकाळी आठ ते अकरा चालायचं, दुपारी एसीतल्या म्युझियममध्ये किंवा सरळ खोलीवर झोपायचं आणि सहानंतर पुन्हा बाहेर. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम आहे, रद्द करता येईल असंच बुकिंग करा. आणि वसंतात आणि शरदात संध्याकाळी बारीक चिलटं असतात, दिसत नाहीत पण चावतात, ओडोमॉस असेल तर बॅगेत टाका.

पोचणं, राहणं, गाडी

अटलांटाहून साधारण २५० मैल, आय-७५ ने मेकनपर्यंत आणि तिथून आय-१६ थेट सॅव्हानात येऊन संपतो, चार तास धरा. जॅक्सनव्हिल आणि चार्ल्सटन दोन्हीकडून साधारण दोन तास. विमानाने आलात तर एअरपोर्ट गावापासून वीस मिनिटांवर. (या एअरपोर्टच्या एका रनवेमध्ये एका शेतकरी जोडप्याच्या थडग्यांच्या फरशा बसवलेल्या आहेत. जागा त्यांच्या शेताची, वारसांनी हलवायला परवानगी दिली नाही, मग रनवे त्यांच्यावरूनच काढला.)

राहायचं तर जुन्या शहरातच, आय-९५ जवळच्या स्वस्त मोटेलमध्ये राहिलात तर रोज जा-ये आणि पार्किंग यात वाचवलेले पैसे जातात, आणि सकाळी साडेसातला रिकाम्या स्क्वेअरमधून चालण्याची मजाही जाते. बुकिंगच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या, पार्किंगचे रोजचे किती, आणि लिफ्ट आहे का. जुन्या वाड्यांमध्ये केलेल्या इन्स दिसायला सुंदर असतात पण पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नसते आणि जिना उभा. भाड्यावर टॅक्स लागतो तो लागतोच, वर जॉर्जिया सरकारची रात्रीमागे ५ डॉलर फी वेगळी.

गाडी एकदा लावा आणि विसरा. व्हिटेकर स्ट्रीटचं पार्किंग गॅरेज एलिस स्क्वेअरच्या पोटात आहे, तिथं लावली की बाहेर पडल्या पडल्या गावाच्या मध्यावर. या जागेची गोष्ट माहीत असू द्या. इथं जुनं सिटी मार्केट होतं, १९५४ मध्ये ते पाडून कुरूप बहुमजली पार्किंग बांधलं. लोक चिडले. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाऊस हे १८२०चं घर पाडायची वेळ आली तेव्हा सात बायकांनी पैसे जमवून ते विकत घेतलं आणि हिस्टॉरिक सॅव्हाना फाउंडेशन उभी केली. मग या संस्थेने धोक्यातली घरं विकत घ्यायची आणि "पाडणार नाही, दुरुस्त करीन" अशी अट घालून पुढं विकायची असा धडाका लावला, १९६६ मध्ये सगळा जुना भाग राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाला. एलिस स्क्वेअरवरचं ते पार्किंग शेवटी पाडलं, गाड्या जमिनीखाली नेल्या आणि २०१० मध्ये वर पुन्हा मोकळा स्क्वेअर झाला. तिथं उन्हाळ्यात जमिनीतून उडणारी कारंजी असतात, लहान मुलं असतील तर कपड्यांचा एक जोड जास्त ठेवा. स्वच्छ टॉयलेट पण तिथंच आहेत. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो म्हणून बाकीची पण सांगून टाकते: फोर्सिथ पार्क, रिव्हर स्ट्रीट, आणि मार्टिन ल्यूथर किंग बुलेवार्डवरचं व्हिजिटर सेंटर.

गावात फिरायला डॉट नावाची फुकट बस आहे आणि नदी ओलांडायला फुकट फेरीबोट. हॉप-ऑन ट्रॉली दोन-तीन कंपन्यांच्या आहेत, एक फेरी साधारण दीड तासाची. खरंच चालता येत नसेल तर घ्या, नाहीतर माझं मत, ट्रॉलीतून दिसतात ती झाडांची टोकं आणि कानावर पडतात ते भुताचे किस्से.

पहिली सकाळ: बुल स्ट्रीट, उत्तरेकडून दक्षिणेकडे

बरेच जण फोर्सिथपासून सुरुवात करून नदीकडे येतात. मी उलट सांगेन, कारण शहर नदीकडून वाढत गेलं, त्यामुळे या दिशेने चाललात तर जुन्याकडून नव्याकडे जाता.

बे स्ट्रीटवर सोनेरी घुमटाचं सिटी हॉल दिसतं, त्याच्याकडे पाठ केली की समोर जॉन्सन स्क्वेअर, सगळ्यात पहिला, १७३३चा. आता सगळ्या बाजूंनी बँका आहेत, मधे ग्रीनचा स्तंभ. इथं फार वेळ नको.

पुढचा राइट स्क्वेअर. इथं थांबा. मधोमध मोठं डौलदार स्मारक आहे ते रेल्वे कंपनीच्या पहिल्या अध्यक्षाचं, विल्यम गॉर्डनचं. पण याच स्क्वेअरमध्ये १७३९ मध्ये टोमोचिचीला पुरलं होतं, ओगलथॉर्प स्वतः खांदा द्यायला होता आणि वर दगडांची रास रचली होती. १८८३ मध्ये गॉर्डनचं स्मारक नेमकं त्या जागी उभं केलं. ज्याच्या संमतीवर गाव वसलं त्याच्या समाधीवर रेल्वेचा अध्यक्ष! नंतर काही बायकांना, त्यात गॉर्डनची सून पण होती, हे खटकलं आणि १८९९ मध्ये आग्नेय कोपऱ्यात ग्रॅनाइटचा एक ओबडधोबड मोठा धोंडा आणून टोमोचिचीच्या नावाने बसवला. तो धोंडा झाडाखाली आहे, पुतळ्यांचे फोटो काढणारे लोक त्याच्या बाजूने निघून जातात. सगळ्या गावात मला सर्वात जास्त काही सांगणारी वस्तू तीच वाटते.

तिसरा चिपेवा. ओगलथॉर्पचा पुतळा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे कारण तेव्हा दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश होते आणि धोका तिकडून. लोक इथं येतात ते मात्र 'फॉरेस्ट गंप' सिनेमात टॉम हँक्स चॉकलेटचा डबा घेऊन बसतो तो बाक शोधायला. तो बाक इथं नाही, कायमचा कधीच नव्हता, शूटिंगपुरता ठेवलेला होता, आता व्हिजिटर सेंटरशेजारच्या हिस्टरी म्युझियममध्ये ठेवलाय. आई-बाबांना आधी सांगा म्हणजे हिरमोड नको.

चौथा मॅडिसन. पश्चिमेच्या बाजूला ग्रीन-मेल्ड्रिम हाऊस, त्याच्या व्हरांड्याची लोखंडी जाळी बघा. यादवी युद्धात डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन अटलांटाहून समुद्रापर्यंत वाटेतलं सगळं उद्ध्वस्त करत आला, सॅव्हानाने मात्र न लढता दारं उघडली, म्हणून ही घरं आज उभी आहेत. त्याने लिंकनला तार केली की नाताळची भेट म्हणून सॅव्हाना शहर देतो आहे, सोबत तोफा आणि सुमारे २५,००० गासड्या कापूस. मुक्काम याच घरात. आणि जानेवारी १८६५ मध्ये गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना किनाऱ्यावरची चाळीस-चाळीस एकर जमीन द्यायचा हुकूम त्याने इथं सॅव्हानात असतानाच काढला, जो त्याच वर्षी लिंकननंतरच्या राष्ट्राध्यक्षाने फिरवला.

मॅडिसन आणि माँटेरेच्या मधे जोन्स स्ट्रीट आडवा लागतो, डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंना शिरा. विटांचा रस्ता, दोन्हीकडून ओकच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. आता पाय हळू करा आणि घरांच्या खालच्या अंगाला बघा: दारं वरच्या मजल्यावर आणि त्याला बाहेरून जिना, कारण तेव्हा रस्ते वाळूचे आणि धूळ फार. पायरीच्या कडेला चिखल खरवडायची लोखंडी पट्टी. गच्चीचं पाणी आणणारा पाइप जिथं संपतो तिथं तोंड उघडलेला मासा, काही ठिकाणी रंगवलेला पण. पोरांना मासे मोजायचं काम द्या, अर्धा तास तक्रार करत नाहीत.

झाडांवरून लोंबतं ते राखाडी स्पॅनिश मॉस. ते बांडगूळ नाही, झाडाचं काही खात नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, हवेतल्या ओलाव्यावर जगते. खाली पडलेलं गळ्यात घालून फोटो काढू नका, त्यात खाज आणणारे किडे असतात.

माँटेरे स्क्वेअरवर चर्चसारखं दिसणारं गॉथिक सिनेगॉग आहे, मिक्वे इस्राएल. वसाहत सुरू झाली त्याच वर्षी जुलैमध्ये ज्यू कुटुंबांचं जहाज इथं लागलं होतं, आत्ताची इमारत १८७८ची. दोन ब्लॉक पुढं फोर्सिथ पार्क, ३० एकर, कारंजं १८५८चं. ते कारंजं कॅटलॉगमधून मागवलेलं आहे, तरी फोटोत छान येतं! शनिवार असेल तर सकाळी पार्कच्या दक्षिण टोकाला शेतकरी बाजार भरतो. इथून परत जायला फुकटची बस.

दुपार: एका तरी घरात आत जा

बाहेरून सगळं देखणं आहे, पण ते कोणाच्या कष्टावर उभं राहिलं हे बघायला ओगलथॉर्प स्क्वेअरवरचं ओवेन्स-थॉमस हाऊस अँड स्लेव्ह क्वार्टर्स बघाच, बाकी एकही तिकीट काढलं नाहीत तरी चालेल. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट घ्या. हे घर टेलफेअर म्युझियमचं, त्यांच्या तीन जागांचं एकच तिकीट आहे, त्यात जेप्सन सेंटर हे कलादालनही येतं, तिथं उन्हाची दुपार चांगली निघते.

घर १८१९चं, विल्यम जे या तरुण इंग्रज आर्किटेक्टचं. वरच्या मजल्यावर पुढची आणि मागची बाजू जोडायला घराच्या आतच छोटा लाकडी पूल, माळ्यावर पाण्याच्या टाक्या आणि नळाने पाणी, तेव्हा अमेरिकेत फार थोड्या घरांत असलेली चैन. टूरची खुबी म्हणजे ती मागच्या अंगणातून, गुलामांच्या खोल्यांपासून सुरू होते. मान वर करून छत बघा, विरलेला निळा रंग दिसेल. नीळ, चुना आणि ताक घालून केलेला, भुतंखेतं घरात येऊ नयेत म्हणून लावायचे. आज गावभर व्हरांड्यांच्या छतांना फॅशन म्हणून तो निळा देतात, त्याचं मूळ या खोलीत.

जॉर्जियात सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती, १७३५ पासून. शेजारच्या साउथ कॅरोलायनातले भातशेतीवाले गबर होताना बघून इथल्यांनी ओरड केली आणि १७५१ मध्ये बंदी उठली. मग काय झालं ते फ्रँकलिन स्क्वेअरवरच्या फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्चमध्ये दिसतं. ही इमारत १८५९ मध्ये पुरी झाली, गुलामीतल्या लोकांनी दिवसभराचं मालकाचं काम उरकून रात्री बांधलेली. खालच्या हॉलच्या लाकडी जमिनीत भोकांची नक्षी आहे, चौकटी चौकटीत. आफ्रिकेतल्या काँगो प्रदेशातलं ते प्रार्थनेचं चिन्ह, आणि चर्चचे लोक सांगतात की खाली लपलेल्या पळपुट्या गुलामांना हवा मिळायला ती भोकं होती. त्याच वर्षी, मार्च १८५९ मध्ये, गावाबाहेरच्या रेसकोर्सवर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसं लिलावात विकली गेली. चर्च आतून ठरलेल्या वेळीच दाखवतात, आदल्या दिवशी वेळ बघून ठेवा. रविवारी प्रार्थना असते, टूरिस्ट म्हणून मधेच घुसू नका.

संध्याकाळ: नदीकाठ, आणि आपल्या मुंबईचा संबंध

बे स्ट्रीट वर, रिव्हर स्ट्रीट खाली, मधे कडा आणि त्याला चिकटून कापसाची पाच-पाच मजली गोदामं. वरच्या मजल्यांना रस्त्यावरून जायला छोटे लोखंडी पूल आहेत, त्याला फॅक्टर्स वॉक म्हणतात, फॅक्टर म्हणजे कापसाचे दलाल. ते पुलावर उभे राहून खालून जाणाऱ्या गासड्यांचा भाव ठरवायचे.

आता इथं मराठी माणसाने दोन मिनिटं थांबावं असं कारण आहे. यादवी युद्धात १८६१ पासून उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, १८६२ च्या एप्रिलमध्ये सॅव्हानाच्या तोंडावरचा पुलास्की किल्ला पडला आणि हे बंदर बंद झालं. इथला कापूस अडकला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या कापूस मुंबईतून उचलायला लागल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस दुप्पट-तिप्पट भावाने गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबे भरणीच्या शेअरवर लोक वेडे झाले, प्रेमचंद रायचंद त्या बाजाराचा राजा. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो सगळा डोलारा कोसळला. बे स्ट्रीटवर लाल विटांचं कॉटन एक्स्चेंज आहे, समोर पंखवाला सिंह, ते युद्धानंतर १८८०च्या दशकात बांधलेलं, म्हणजे इथले कापूसवाले पुन्हा उभे राहिले तेव्हाचं. माझ्या वडिलांना वाड्यांत फार रस नव्हता, हे ऐकल्यावर मात्र ते त्या पुलावर अर्धा तास उभे राहून खाली बघत होते.

खाली उतरायचं कसं हे नीट वाचा. दगडी जिने आहेत, उभे, पायऱ्या असमान, पाटीवरच लिहिलंय की आपल्या जबाबदारीवर वापरा. उताराचे रस्ते गोट्यांचे आहेत, जहाजं वजन म्हणून जे दगड भरून आणायची तेच पसरलेले, पावसात बुळबुळीत होतात. चपला, हील्स नकोत, बूट घाला. वयस्कर माणसांना सिटी हॉलजवळच्या लिफ्टने खाली न्या. व्हीलचेअर असेल तर रिव्हर स्ट्रीटच्या नदीलगतच्या फरसबंदी वाटेनेच चला.

खाली दुकानं बरीचशी टी-शर्ट आणि फ्रीज मॅग्नेटची आहेत. प्रॅलिनच्या दुकानात मात्र जा, पेकन आणि साखरेची गरम वडी, दाराशीच चव बघायला देतात. कोणी ताडाच्या पानाचं गुलाब हातात देऊ लागलं तर ते विकत असतं, हवं असेल तरच हात पुढं करा. मग बाकावर बसा. मोठमोठी कंटेनर जहाजं इतक्या जवळून जातात की खलाशी हात हलवताना दिसतात. पूर्वेच्या टोकाला रुमाल हलवणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, फ्लोरेन्स मार्टस, दीपगृहवाल्याची बहीण, १८८७ ते १९३१ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला तिने रुमाल किंवा कंदील दाखवला असं सांगतात. अंधार पडायच्या वेळी फुकट फेरीने पलीकडे जाऊन लगेच परत या, पाण्यावरून गावाचे दिवे दिसतात.

आणि हो, जुन्या शहरात नदीपासून जोन्स स्ट्रीटपर्यंत प्लॅस्टिकच्या कपात (१६ औंसपर्यंत) बियर घेऊन रस्त्यावर हिंडायला परवानगी आहे. बाटली किंवा कॅन नाही.

खाणं, विशेषतः शाकाहारी लोकांचं

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. श्रिंप अँड ग्रिट्स घ्या, ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, लोणी-चीज घालून मऊ शिजवलेल्या, वर कोळंबी. रेड राइस म्हणजे टोमॅटोतला भात, तो पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या हातचा, त्यांच्या वंशजांना इथं गीची म्हणतात. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, खारट, आई खूश होते.

शाकाहारींनी जपून. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी दिसते पण डुकराचं हाड किंवा बेकन घालून शिजवतात, राजमा-घेवड्याच्या भाज्यांचं तेच, रेड राइसमध्ये सॉसेज असतं, बिस्किटात चरबी असू शकते. "इज इट व्हेजिटेरियन" विचारू नका, हो म्हणतील, "एनी पोर्क, बेकन, चिकन ब्रॉथ?" असं विचारा. तळलेली भेंडी, मॅक अँड चीज, पिझ्झा मिळतोच. जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्सच्या खानावळीत दहा अनोळखी लोक एका टेबलाला बसून वाडगे फिरवत जेवतात, अनुभव भारी, पण फक्त दुपारी आणि शनिवार-रविवार बंद, रांग लांब, आणि शाकाहारी माणसाला तिथं फारसं काही नाही. ब्रॉटन स्ट्रीटवर १९१९ पासूनचं लिओपोल्ड्स आईस्क्रीम, संध्याकाळी रांग कोपऱ्यापर्यंत असते, दुपारी जेवणानंतर लगेच गेलात तर पटकन नंबर लागतो. कडक शुद्ध शाकाहारी असतील तर इलेक्ट्रिक कुकर आणि थेपले, काय करणार.

दुसरा दिवस

सकाळी लवकर पूर्वेकडचे स्क्वेअर करा, ट्रूप, व्हाइटफिल्ड, टेलर. तिथं दुकानं नाहीत, कुत्री फिरवणारे लोक आणि शांतता. टेलर स्क्वेअरला पूर्वी गुलामगिरीचा कट्टर समर्थक असलेल्या कॅल्हूनचं नाव होतं, ते काढून २०२३ मध्ये सूझी किंग टेलरचं दिलं. ती गुलामीत जन्मलेली, सॅव्हानात चोरून लिहायला-वाचायला शिकली आणि पुढं कृष्णवर्णीय सैनिकांची नर्स आणि शिक्षिका झाली. मग गाडी काढा.

पूर्वेला दहा-पंधरा मिनिटांवर बोनाव्हेंचर दफनभूमी, नदीकाठी, झाडांखाली, गाडीतूनही आत हिंडता येतं. तिथून टायबी बेटाच्या रस्त्यावर पुलास्की किल्ला, सुमारे अडीच कोटी विटांचा, अभेद्य म्हणून बांधलेला आणि नव्या पद्धतीच्या तोफांनी मैलभरावरून तीस तासांत पाडलेला. आग्नेयेच्या भिंतीत गोळे अजून रुतलेले दिसतात, बोट लावून बघता येतं. वर चढलात तर कठड्यापासून पोरांना लांब ठेवा. वेळ उरला तर टायबीचा समुद्र, दीपगृहाच्या १७८ पायऱ्या. उन्हाळ्यातल्या शनिवारी टायबीचा एकच रस्ता तुंबतो, दहाच्या आत पोचा नाहीतर सोडून द्या. पार्किंग सगळीकडे पैसे देऊन, तिकडचे लोक दंड लावायला तत्पर आहेत.

भुतांच्या टूरवर पैसे घालवू नका असं माझं मत, पण कॉलेजची मुलं बरोबर असतील तर ती ऐकणार नाहीत, मग निदान चालत जाणारी घ्या.

परतताना अटलांटाकडे जाणार असाल तर आय-१६ वर चढायच्या आधीच पेट्रोल, चहा, टॉयलेट सगळं उरकून घ्या. मेकनपर्यंत दीडशेहून जास्त मैल दोन्हीकडे पाइनची झाडं आणि मधे मधे एखादाच एक्झिट, त्यातल्या काहींवर रात्री काहीही उघडं नसतं, आणि संध्याकाळनंतर हरणं रस्त्यावर येतात.